पंपाच्या तोंडची जाळी

पंपवाल्याला स्वस्थ बसणं म्हणून ठाऊकच नव्हतं. जेवायला बसला तरी एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. बायको म्हणायची, "अहो, ताट काही पळून जात नाही." लोकांनी त्याचं नाव घोडेस्वार ठेवलं होतं, कारण स्वारी कुठंही यायची ती घोड्यावर बसूनच. बरं, कामाला वाघ! मेलेला पंप त्याच्या हातात द्या, चहा होईपर्यंत तो चालू. पण चहा प्यायला थांब म्हणा, की लगेच अंगावर मुंग्या चढायच्या.

आज मात्र त्याला जपून वागायचं होतं. आज बोलावलं होतं ते सख्ख्या धाकट्या बहिणीनं.

तिनं मासे पाळायला तळं घेतलं तेव्हा हा चारचौघांत म्हणाला होता, "सहा महिन्यांत बुडवशील." ती म्हणाली, "तळं कसं बुडेल रे दादा? ते पाण्यातच असतं." सगळे खो खो हसले. ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मग हा असं काही लागट बोलला, की तिनं त्याच्या घरची पायरी चढणं सोडलं. चूक आपली, हे त्याला त्याच रात्री कळलं होतं. पण जगातल्या सगळ्या गोष्टींची घाई असलेला हा बाबा माफी मागायच्या वेळीच नेमका रेंगाळला. आणि काल तिचाच फोन आला. "दादा, तळं शेवाळानं झाकलंय. पंप घेऊन येतोस?" आता ही संधी घालवली तर बहीण कायमची गेली, हे त्यानं रस्ताभर स्वतःला बजावलं.

तळं बघून तो काठावरच थबकला. ह्या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी गोधडी पसरलेली. कडेच्या वीतभर मोकळ्या पाण्यात मोठे मासे तोंडं वर काढून आ वासत होते.

"रात्री हे शेवाळ पाण्यातली हवा खाऊन टाकतं," बहीण म्हणाली. तिचे डोळे जागरणानं सुजले होते. "आज अंधार पडायच्या आत निम्मं तरी निघालं पाहिजे, नाहीतर उद्या सगळे उलटे तरंगतील."

"निम्मं कशाला? अख्खं काढतो!"

"घाई नको." तिनं बारीक विणीची जाळी पुढे केली. "ही पंपाच्या तोंडाला बांध. यंदा पहिल्यांदाच मी इथं पिल्लं काढलीत. बोटाएवढी झालीत. उन्हाला आणि बगळ्यांना भिऊन शेवाळाखालीच दडतात."

"अगं, ही सारखी कोंदेल."

"कोंदली की पंप बंद करायचा, हातानं पुसायची, परत चालू. माझ्या पिल्लांसाठी एवढं कर."

"बरं बाई, बरं."

त्यानं रिकामे डबे बांधून पंपाचं तोंड पाण्यावर तरंगतं ठेवलं, म्हणजे पाणी कमी आणि शेवाळ जास्त ओढलं जाईल. दुसरा पाइप बांधापलीकडच्या खड्ड्यात सोडला. इंजिन धडधडलं, हिरवी साय तोंडाकडे सरकू लागली, आणि लगेच जाळी कोंदली. इंजिन बंद. हा कमरेएवढ्या पाण्यात. जाळी पुसून परत काठावर. इंजिन चालू. परत कोंदली. परत पाण्यात. सूर्य मात्र कुणासाठी थांबत नव्हता. तळ्यात जेमतेम एक चटईभर पाणी मोकळं झालं होतं. त्याच्या जिवाची नुसती तगमग होत होती.

"मी घरून डबा आणते," बहीण म्हणाली. "जेवल्याशिवाय तुला सोडायची नाही." किती दिवसांनी ती असं बोलली!

ती वळणाआड गेली आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. ती परत येईल तेव्हा अर्धं तळं लख्ख दिसलं तर? पिल्लं काय, इंजिनाच्या आवाजानंच पळतील. पळणारच! मासा म्हणजे काय दगड आहे? त्यानं जाळी सोडली आणि खिशात कोंबली.

मग काय विचारता! पंप घटाघटा गिळायला लागला. हा डबे ढकलत ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. हिरवी गोधडी फाटत गेली, खालून आभाळ दिसायला लागलं, आणि घोडेस्वार पाण्यात उभा राहून एकटाच हसत सुटला.

"दादा!" काठावरून बहीण ओरडली. हातात डबा होता आणि चेहरा लहानपणी जत्रेत असायचा तसा. "केवढं काढलंस रे!"

मग तिची नजर पंपाच्या तोंडावर गेली. डबा काठावर ठेवून ती वळली. बांध ओलांडून खड्ड्याकडे गेली. हा चिखल तुडवत मागोमाग.

हिरव्या ढिगात जागोजागी चांदीसारखं चमकत होतं. काही पिल्लांचे तुकडे झाले होते. काही अजून फडफडत होती.

"पंप बंद कर," ती म्हणाली.

त्यानं बंद केला. बादली आणली. दोघांनी गुडघ्यावर बसून जिवंत पिल्लं वेचली आणि तळ्यात सोडली. त्यातलीही काही लगेच उलटी झाली. तळ्यात मोठे मासे आता आ वासत नव्हते, खाली गेले होते. ते वाचणार हे दोघांनाही दिसत होतं.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. "आत्ताचंही आणि तेव्हाचंही." ज्या वाक्यासाठी तो इतके दिवस अडला होता ते आत्ता, ह्या चिखलात बाहेर पडलं.

तिनं हात पुढे केला. त्याला वाटलं, उठायला आधार मागतेय. पण तिला जाळी हवी होती. त्यानं खिशातून काढून दिली. तिनं ती पंपाच्या तोंडाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"इंजिन कसं चालू करायचं ते दाखव."

त्यानं दाखवलं. पहिल्याच झटक्यात तिनं ते चालू केलं.

"पंप राहू दे," ती म्हणाली. "तू जा."

"संध्याकाळपर्यंत थांबतो ना. जाळी मी पुसतो. तू म्हणशील तितक्या वेळा."

"डबा घेऊन जा. तू जेवला नाहीस."

तो डबा धरून काठावर उभा राहिला. जाळी कोंदली, इंजिन गुरगुरलं. तिनं ते बंद केलं, साडी खोचून पाण्यात उतरली, जाळीवरचं शेवाळ बोटांनी हलकेच सोडवत राहिली. बराच वेळ. मग मान वर न करता तिनं विचारलं,

"अजून गेला नाहीस?"