पायांनी वळलेला चहा

भूकंप झाला त्या वर्षी, म्हणजे १९९९ साली, मी अडतीस वर्षांची होते. आमची वस्ती तैवानमधल्या लुगू गावाच्या वरच्या अंगाला, तुंगतिंग डोंगराच्या कुशीत. बावीस घरं आणि सगळी ऊलाँग चहावर जगणारी. सप्टेंबरातल्या त्या धक्क्यात आमचं घर भेगा पडूनही उभं राहिलं, पण चहाची शेड बसली. पानं भाजायचा ड्रम आणि गोळे वळायची दोन यंत्रं स्लॅबखाली चेपली गेली. ती बघायला आत धावलेल्या माझ्या नवऱ्याच्या, तेकसिंगच्या मांडीवर तुळई पडली. महिनाभर तो तायचुंगच्या इस्पितळात होता. परत आला तो कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घेऊन, आणि शाळेच्या मैदानावरच्या तंबूत माझ्या आणि आमच्या दोन मुलींबरोबर राहू लागला.

नोव्हेंबर लागला आणि हिवाळी चहा तोडणीला आला. त्या वर्षी पानं फार सुरेख धरली होती. उन्हाळ्यानंतर पाऊस बेताचा, सकाळी धुकं, दुपारी स्वच्छ ऊन. मी रोज चढ चढून मळ्यात जायची आणि कोंब बघून परत यायची. तेकसिंग म्हणायचा, "नको जाऊस तिकडे. या वर्षी सोडून दे." वाहनाचा रस्ता दरडीखाली, त्यामुळे पानं खालच्या कारखान्यात न्यायचीही सोय नव्हती, आणि तोडलेलं पान दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण पंधरा वर्षं ज्या झुडपांची छाटणी केली ती डोळ्यांसमोर निबर होताना बघायची, हे मला जमेना.

आमच्या तंबूपासून तिसऱ्या तंबूत बोंगची काकू राहायच्या. वय शहात्तर. बोंगची या नावाचा अर्थ 'आलीच आहे तर वाढवा'. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून बापाने ठेवलेलं. यंत्रं येण्याआधी या भागात चहा पायांनी वळायचे आणि त्या कामात काकूंचा हात, म्हणजे पाय, कोणी धरू शकत नसे. आमच्या घरी त्यांनी वीस वर्षं काम केलं होतं. मात्र मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या आमच्या अंगणात आलेल्या मला आठवत नाहीत. आमच्या दारावरून जाणारी पायवाट सोडून त्या खालच्या ओढ्याकडून वळसा घ्यायच्या. का, ते घरात कोणी सांगत नसे.

एका सकाळी पाण्याच्या रांगेत मी त्यांना विचारलं. म्हटलं, यंत्राशिवाय थोडासा चहा करता येईल का, तुम्ही सांगाल का?

त्या माझ्याकडे न बघता बादली पुढे सरकवत म्हणाल्या, "तुमच्या घरात माझ्या पायांना सुट्टी दिलेली आहे. नवऱ्याला विचार कोणी दिली ते."

मी तेकसिंगला विचारलं. मग त्याने सांगितलं. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा पहिलं यंत्र आलं. त्याच दिवशी त्याच्या वडिलांनी काकूंच्या हातावर मजुरी आणि मिठाईचा पुडा ठेवला, उद्यापासून येऊ नका म्हणाले. आणि दारात उभा राहून हा हसत बोलला होता, "काकू, आजपासून पायांना सुट्टी!" त्याला वाटलं होतं, गंमत केली. काकूंनी पुडा ओट्यावर ठेवला आणि निघून गेल्या.

"तेवीस वर्षं झाली," तो म्हणाला. "मला वाटलं विसरल्या असतील."

"तू विसरला नाहीस, मग त्या कशा विसरतील?"

दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन तो तिसऱ्या तंबूपर्यंत गेला. वीस पावलांचं अंतर, पण त्याला घाम फुटला. मी मागे उभी होते. त्याने कसलीही प्रस्तावना केली नाही. म्हणाला, "काकू, त्या दिवशी मी बोललो ते माझं चुकलं. ते शब्द मी परत घेतो. तुम्ही आमच्याकडे या."

काकू भोपळ्याच्या बिया सोलत होत्या. सोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पाय तुझा मोडला तेव्हा माझे आठवले होय." मग माझ्याकडे वळून, "पानं किती आहेत? आणि कापड सुती आहे का घरात? नायलॉनचं आणलंस तर मी उठून जाईन."

पाच बायका जमल्या. ऊन चढायच्या आत आम्ही तीस किलो पानं तोडली. काकूंनी प्रत्येक टोपली उपसून बघितली आणि ओलसर पानं बाजूला काढली. आमच्या अंगणात त्या तेवीस वर्षांनी आल्या, पण तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. आल्या आल्या त्यांनी अंगण झाडलेलं नाही म्हणून मला झापलं.

दुपारी पानं चटयांवर उन्हात कोमेजवली. पान मऊ पडून त्याची चकाकी गेली की सावलीत न्यायचं. मग बांबूच्या मोठ्या सुपांत ती हलक्या हाताने वर-खाली घोळवायची, कडा एकमेकींवर घासतील एवढीच, आणि पसरून विसावू द्यायची. तासाभराने पुन्हा. आमच्याकडे या कामाला पिंप होतं, बटण दाबलं की फिरायचं. हाताने करताना कळलं की प्रत्येक खेपेला पान वेगळं लागतं. तिसऱ्या खेपेला धरणीकंपाचा छोटा धक्का आला. असे धक्के तेव्हा रोज यायचे. सुपं आपोआप हलली, बायका बाहेर पळाल्या. काकू जागच्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "घ्या, ही खेप जमिनीनेच केली. आपले हात वाचले."

खरी अडचण कढईची होती. पान हवं तेवढं मुरलं की ते तापल्या कढईत टाकून तिथेच थांबवावं लागतं, नाहीतर ते सडायला लागतं. एवढी मोठी कढई गावात एकच उरली होती, शाळेत मंदिरातर्फे चाललेल्या लंगरातली, म्हणजे सगळ्यांच्या फुकट जेवणाच्या स्वयंपाकघरातली. मंदिराचे आचारी थोक काका त्यात रोज सकाळी दोनशे माणसांची भाताची पेज करायचे. त्यांनी ती रात्रीपुरती दिली, पण पहाटे पाचला परत हवी असं बजावलं. आम्ही ती राखेने घासली, तेलाचा वास जाईपर्यंत तीनदा तापवली आणि अंगणात चुलीवर ठेवली.

थंडी फार होती. काकू म्हणाल्या, थंडीत पान आळसावतं, वेळ घेईल. रात्र सरत आली तेव्हा पानांचा गवताळ वास जाऊन फुलांचा वास आला. तेकसिंगला बाजेवर आणून ठेवलं होतं, त्याने मान उचलली. म्हणाला, "आला. टाका कढईत." त्याचा चहा गेली कित्येक वर्षं याच टप्प्यावर थांबायचा, हिरवा, फुलांच्या वासाचा. बाजारालाही तोच हवा होता आणि स्पर्धेत त्याला त्यावर दोनदा बक्षीस मिळालं होतं.

"अजून नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, हा वास गेला की संपलं. पान लाल पडेल. आणि पाचला कढई द्यायची आहे."

"तुझ्या आजोबांचा चहा असा नव्हता. फुलाच्या पुढे फळ असतं."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मळा आमचा, नवरा माझा, आणि त्याचं नाक या डोंगरात नावाजलेलं. मी सुपावर वाकले. पानांच्या कडा तांबूस झाल्या होत्या, मधला भाग हिरवाच. फुलांचा वास होता, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी दबून होतं, फडताळात ठेवलेल्या फळासारखं. ते काय आहे हे मला सांगता येत नव्हतं. एवढंच वाटलं की कोणीतरी बोलायला तोंड उघडलंय आणि आपण मध्येच त्याला गप्प करतोय.

"थांबू या," मी म्हणाले. तेकसिंगने तोंड फिरवलं.

पाच वाजले तेव्हा मी धावत लंगरात गेले. थोक काका चूल पेटवून कढईची वाट बघत बसले होते. मी त्यांना खरं ते सांगितलं, की पान अजून तयार नाही, किती वेळ लागेल ठाऊक नाही आणि कढई दिली तर सगळी पानं जातील. उठून त्यांनी रताळ्यांचं पोतं ओढलं आणि दोन लहान पातेल्यांत पाणी चढवलं. मग म्हणाले, "आज सगळ्यांना उकडलेली रताळी. कोणी कुरकुरलं तर तुझं नाव सांगेन."

परत आले तोवर उजाडलं होतं. अंगणात शिरतानाच मला तो वास आला. पिकल्या पेरूची साल नखाने खरवडावी तसा, गोड आणि थोडा आंबूस. काकू उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "आता. घाई करा."

दहा घाणे झाले. माझ्या हातांना चटके बसत होते, पण पानं चरचरत मऊ होत गेली आणि कच्चा वास उडून गेला. आठ वाजता दोघा पोरांनी कढई उचलून शाळेत नेली.

मग पायांचं काम. भाजून जराशी वाळवलेली पानं सुती कापडात बांधून गाठोडं करायचं, आडव्या बांबूला हातांनी धरून उभं राहायचं आणि ते तळव्याखाली गोल गोल फिरवायचं. दाबलं तर पान चुरतं, सोडलं तर वळत नाही. काकूंनी पहिलं गाठोडं स्वतः वळलं. गुडघे दुखत होते, तरी त्यांचे तळवे असे फिरत होते की जणू खाली जिवंत काहीतरी आहे आणि त्या त्याला झोपवतायत. दहा मिनिटांनी त्या थांबल्या आणि खुर्चीत बसल्या. पुढचं आम्ही पाच जणींनी केलं. काकू हातात काठी घेऊन बसल्या होत्या, चुकलं की पोटरीवर फटका.

"टाचेने नाही, बीग्योक," त्या मला म्हणाल्या. "झुरळ मारतेयस का?"

गाठोडं सोडायचं, गोळा फोडायचा, पानं गरम करायची, पुन्हा बांधायचं. असं वीस-बावीस वेळा. गोळे फोडायचं काम तेकसिंगने बाजेवर बसून केलं. सकाळपासून तो माझ्याकडे पाठ करूनच बसला होता. दुपारी केव्हातरी तो पानं बोटांनी मोकळी करता करता थांबला, ओंजळ नाकाशी नेली आणि तशीच धरून राहिला. पुढचं गाठोडं काकूंनी मागायच्या आत त्याने बांधून ठेवलं.

कोळशाच्या मंद आचेवर दोन दिवस वाळवल्यावर हातात साडेसहा किलो चहा आला. दिसायला काही खास नव्हता. गोळे लहानमोठे, रंग काळपट. पहिली किटली आम्ही शाळेच्या मैदानावर उकळत्या पाण्याने भरली. पेल्यात रंग आला तांबूस सोनेरी. पहिला पेला तेकसिंगने दोन्ही हातांनी काकूंना दिला. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेला पानं जरा जास्त दाबली गेली."

तेकसिंगने प्यायला. मग म्हणाला, की त्याच्या आजोबांच्या मांडीवर बसून चोरून प्यायलेल्या घोटाची चव अशीच होती आणि ती आपल्या कल्पनेतली आहे असं त्याला आजवर वाटत होतं. त्याचे डोळे भरले होते. त्या संध्याकाळी मैदानावर सगळ्यांना थोडा थोडा चहा मिळाला. रताळी खाल्लेल्यांना आधी, असं थोक काकांनी ठरवलं. घरं गेली, माणसं गेली तेव्हापासून लोक त्या मैदानावर खाली मान घालून वावरायचे. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, वसंतातल्या तोडणीला कोण कोण येणार?

तैनानचा एक जुना व्यापारी डिसेंबरात पायी वर आला, आमची विचारपूस करायला. त्याला आम्ही तोच चहा पाजला. उरलेला दोन किलो चहा तो तिथल्या तिथे विकत घेऊन गेला आणि पुढच्या हिवाळ्याचाही सांगून ठेवला.

शेड पुढच्या वर्षी पुन्हा बांधली. यंत्रंही घेतली, कारण सगळा मळा पायांनी वळला तर घर चालत नाही. पण आता फुलांचा वास आला म्हणून तेकसिंग पान लगेच थांबवत नाही. शेडच्या एका कोपऱ्यात आडवा बांबू बसवला, त्याची उंची किती हवी यावरून काकूंनी गवंड्याशी दोन दिवस भांडण केलं. दर हिवाळ्यात तिथे दहा किलो चहा पायांनी होतो. काकू आणखी आठ हिवाळे आल्या, आमच्या दारावरच्या पायवाटेने. शेवटची दोन वर्षं त्यांना ऐकू कमी यायचं आणि काठीचा नेम चुकायचा, पण वास चुकला नाही.

आज त्या कोपऱ्यात माझ्या दोन मुली आणि खालच्या वस्तीतल्या तिघी-चौघी उभ्या असतात. थोरली तायपेईत नोकरी करते, हिवाळ्यात आठ दिवस रजा टाकून येते. पहिल्या दिवशी तिच्या पोटऱ्या भरून येतात, ती कुरकुरते, मी तिला गरम पाण्यात पाय बुडवून बसवते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी शेडमध्ये असते.