बोटांनी वाचलेला कॅनडा

मी कॅनडाचा एक जुना नकाशा आहे, पण माझ्यावर एकही अक्षर नाही. मला डोळ्यांनी नव्हे, बोटांनी वाचतात.

मित्रांनो, १९८७ साली ब्रिस्टलमधल्या एका स्वयंपाकघरात मी जन्मलो. सुनीतीबाई शाळेत भूगोल शिकवत. वर्तमानपत्रांच्या लगद्यातून त्यांनी माझे पश्चिमेचे डोंगर उभारले, नद्यांसाठी सुतळी चिकटवली, उत्तरेला खरखरीत सँडपेपर लावला. शेवटी गोंदावर मोहरी पेरली. एकेक दाणा म्हणजे हजारो माणसे.

हे सारे त्यांच्या भाचीसाठी होते. दहा वर्षांच्या अनुराधाला जन्मापासून दिसत नव्हते. तिच्या वडिलांचा कारखाना बंद होणार होता आणि त्यांना कॅनडातल्या विनिपेग शहरात नोकरी मिळाली होती. पण ब्रिस्टलमधले प्रत्येक वळण अनुराधाच्या पावलांना पाठ होते. कॅनडाचे नाव काढले की ती खोलीचे दार लावून घेई.

"आत्या, मला नाही जायचं. तिकडे फक्त बर्फ आहे. जस्ट नथिंग."

"मग हात लावून बघ, नथिंग कसं असतं ते."

तिची गार बोटे माझ्या डोंगरांवरून उतरली आणि मैदानात हलकेच तरंगू लागली. मला गुंगी आल्यासारखे झाले. उत्तरेला ती थबकली.

"इथे मोहरी का नाही?"

"तिथली जमीन खोलवर गोठलेली असते. पीक येत नाही."

"म्हणून सगळी माणसं खाली, एका लाइनमध्ये?"

"हो. आपण हीटरपाशी सरकून बसतो ना, तसे."

तिने तळहात उत्तरेकडून खाली आणला. तो कुठेच अडला नाही. "मध्ये एकपण डोंगर नाही! मग वारा तर सरळ आमच्या घरात येणार."

"येणारच. म्हणून तिथे घराला दोन दोन दारं असतात."

मग तिला विनिपेगच्या नदीची सुतळी सापडली. आत्यांनी तिचे बोट प्रवाहाच्या दिशेने उत्तरेकडे नेले. "ही नदी वर जाते? मग वरचा बर्फ अजून मेल्ट नाही झाला, तर खालचं पाणी कुठे जाणार?"

सुनीतीबाई थक्क झाल्या. मोठ्या वर्गातही हे कुणी विचारले नव्हते. "पसरतं, पूर येतो," त्या म्हणाल्या.

अनुराधाने सुतळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. "तो बर्फ तुटतो, त्याचा आवाज मला ऐकायचाय. बाबांना सांग, मी येते."

ती गेली. आत्यांनी मला त्यांच्या शाळेत नेले. कित्येक हात माझ्यावरून फिरले, कौतुक झाले. पुढे वर्गात कॉम्प्युटर आले आणि मी माळ्यावर गेलो. उंदरांनी मोहरी खाल्ली. माझी गावे एकेक करून विझली. ओलसर अंधारात मी फक्त त्या गार बोटांची स्वप्ने पाहत असे.

अठ्ठ्याण्णव साली सुट्टीत ब्रिस्टलला आलेल्या अनुराधाने मला माळ्यावरून मागवून घेतले. ती आता एकवीस वर्षांची होती. आत्या मोहरी देत होत्या आणि ती चाचपत गावे वसवत होती. शेवटी तिने सँडपेपरवरही काही दाणे लावले.

"अगं, तिथे कुठे?" आत्यांनी विचारले.

"इथे पण लोक राहतात, आत्या. थोडे आहेत, पण आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून आहेत. माझी रूममेट इथली आहे."

"मग माझंच चुकलं," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी मोहरीची वाटी पुढे सरकवली.

आता शाळेने मला काचेच्या पेटीत ठेवले आहे. धूळ बसत नाही, ओल लागत नाही. पण, मित्रांनो, त्या पेटीला कुलूप नाही. हात धुऊन या, झाकण उचला आणि डोळे मिटून माझ्यावरून सावकाश बोटे फिरवा.