शेजार वजा करून

घरात मी मधली. थोरलीची हुशारी आणि धाकटीचं रूप वजा केलं की जे उरतं ते माझ्या वाट्याला, असा आईचा हिशेब. नशीब बघा, संशोधनाचं कामही मधल्या ताऱ्यांचंच मिळालं: सूर्याहून जड, पण अगदी राक्षसी नव्हेत. अशा तरुण ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. त्यातला वायू उडून गेला की गुरूसारखे मोठे ग्रह घडायचे राहूनच जातात, आणि या मधल्यांचा वायू फार लवकर उडतो.

आमच्या ताऱ्याचा अजून शिल्लक होता. वायूकडून येणाऱ्या लहरींच्या आलेखावर दोन उंचवटे दिसत होते: एक तबकडीच्या आपल्याकडे येणाऱ्या बाजूचा, दुसरा दूर जाणाऱ्या बाजूचा. माझे मार्गदर्शक सर महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि हा त्यांचा शेवटचा शोधनिबंध. भेटेल त्याला ते सांगत सुटले होते.

निबंध पाठवायच्या दिवशी मला काय अवदसा आठवली, मी मूळ निरीक्षणं पुन्हा उघडली. ताऱ्याच्या निरीक्षणातून आम्ही नेहमी शेजारचं रिकामं आकाश वजा करतो. इथे शेजार रिकामा नव्हताच, ताऱ्यासमोर होता तोच वायूचा ढग तिथेही पसरला होता. तो वजा केल्यावर एकाच उंचवट्याच्या मधोमध खड्डा पडला आणि आम्ही त्याला दोन समजून बसलो. वजाबाकी काढून टाकली, तर उरला नुसता ढग.

गप्प बसावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शेजार वजा करून एखाद्याची किंमत ठरवली की काय होतं, ते माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक? सरांपुढे दोन्ही आलेख ठेवले.

त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पुन्हा निरखले. मग शीर्षकातलं 'वायू शिल्लक' खोडून त्यांनी 'वायूचा पुरावा नाही' असं लिहिलं. खाली लेखकांची नावं होती. पहिलं त्यांचं, शेवटचं दुर्बिणीच्या इंजिनिअरचं, माझं अर्थातच मधे. माझं त्यांनी उचलून सगळ्यांत वर नेलं.

"सर, यात आता सापडलेलं काहीच नाही," मी म्हटलं.

"ते कोणी पाहिलं? तूच ना? मग हो पुढे."

मला रडू आवरेना. संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, की काहीच सापडलं नाही.

"मग आवाज एवढा खुललेला कसा?" तिनं विचारलं, आणि थोरली-धाकटीचं नावही न काढता बराच वेळ माझंच ऐकत राहिली.