आईचं अपील

न्यायाधीश इस्मे बाईसाहेब कॅरिबियनच्या बेटाबेटांवर अपिलं ऐकत फिरायच्या आणि त्यांच्या फायलींची खोकी सांभाळत मागोमाग मी, कारकून बार्टल. बावीस वर्षं! त्या टीचभर विमानात मी खुर्ची घट्ट धरून बसायचो, बाई मात्र मजेत निवाडे लिहायच्या. खालच्या कोर्टाची चूक अशी दाखवायच्या, की चुकणाराही आभार मानायचा. एवढं करून सख्ख्या आईचा राग मात्र त्यांना घालवता आला नव्हता.

त्या नवख्या मॅजिस्ट्रेट असतानाची गोष्ट. बाईंच्या गावी, बॅरवालीच्या बाजारात एकजण शिळे मासे ताजे म्हणून विकत होता. बाईंच्या आईनं, मा एनिडनं, त्यातलाच एक उचलून त्याच्या थोबाडावर हाणला. केस आली नेमकी लेकीपुढे. "माझी आई आहे, मला ऐकता येणार नाही," म्हणून बाई बाजूला झाल्या. दुसऱ्या मॅजिस्ट्रेटनं मा एनिडला भर कोर्टात समज दिली, भांडखोरपणा सोडा म्हणून. तेव्हापासून ती कोर्टाची पायरी चढली नाही. "जगाला न्याय देते, आईच्या वेळी पळ काढते," हे गावभर सांगायची.

बाईंच्या निवृत्तीला राजधानीत, किंग्सटाउनला, कोर्टाची खास बैठक भरली. त्या दिवशी वकिलांनी एकेक करून कौतुक करायचं, ही आमची रीत. न्यायासनावर सरन्यायाधीशांशेजारी बसलेल्या बाईंचं कौतुकाकडे लक्षच नव्हतं, सारखी नजर दाराकडे. मला बघवेना. सकाळीच बॅरवालीला गाडी पाठवली होती, पण बाईंना सांगितलं नव्हतं. म्हातारीचा काय भरवसा!

तिसऱ्या भाषणात ती आली. नव्वदीची, चर्चला जायची ठेवणीतली टोपी घालून, थेट पुढे.

"झालं का तुमचं? मला अपील करायचंय, त्या मासा हाणल्याच्या केसचं."

तो किस्सा अख्ख्या कोर्टाला पाठ होता. सरन्यायाधीश हसू दाबत म्हणाले, "मा, मुदत टळून चौतीस वर्षं झाली."

"मग? मी आहे ना अजून जिवंत?"

सगळं कोर्ट खदखदून हसलं. "बरं, मुदत वाढवली," सरन्यायाधीश म्हणाले. "वकील कोण तुमचा?"

"वकील कशाला? तोंड आहे मला."

तेवढ्यात बाई उठल्या. "मला हे प्रकरण ऐकता येणार नाही. माझी आई आहे."

"बघा! पुन्हा तेच!" म्हातारीचा चेहरा उतरला.

बाईंनी झगा काढून माझ्या हातात दिला, पायऱ्या उतरल्या आणि आईशेजारी वकिलाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. "अपील करणारीतर्फे मी," म्हणाल्या. त्यांचा आवाज कापताना मी पहिल्यांदाच ऐकला. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू!

मा एनिडनं लेकीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"आलीस होय एकदाची? बोल आता. आणि मोठ्यानं बोल, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."