सव्वा रुपयाचे हक्क

"तातेराव मामा, तुमच्या शर्यतीचे टीव्हीचे हक्क कितीला देता?"

मी एवढं विचारलं आणि वडीगोद्रीच्या फाट्यावरच्या रसवंतीतले सगळे गडी माझ्याकडं वळून बघायला लागले. चरकाचे घुंगरू तेवढे छुमछुम वाजत राहिले.

पैज माझ्या मैत्रिणींनी, नसरीन आणि शालूनं लावली होती. "इतक्या गड्यांसमोर विचारून दाखव दैवू, रस आमच्याकडून!" दहावीचा शेवटचा पेपर संपल्यापासून माझ्या अंगात काय शिरलं होतं कुणास ठाऊक, मला कशाची भीतीच वाटेनाशी झाली होती.

तातेराव मामा म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांचे पुढारी. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, की दरवर्षी ते गावाबाहेरच्या मोकळ्या रानात उलटी शर्यत भरवतात. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि फक्कीच्या दोन रेघांमधून सगळं लटांबर रिव्हर्समध्ये न्यायचं. रेघेला चाक लागलं की बाद. एक ट्रॉली कुणीही नेईल हो, पण दोन म्हणजे शेपटीला धरून साप बिळात घालण्यासारखं आहे!

"हक्क म्हंजी काय असतंय गं?" मामांनी मिशीवरचा फेस पुसला.

"म्हंजी शर्यत फकस्त आमच्या केबलवर दिसणार. मोबाईलवर लाइव्ह करायला सगळ्यांना बंदी."

मामांनी विचार केला. "मंग सव्वा रुपया अन् नारळ दे. पर एक सांगतो, माझं ट्रॅक्टर बराबर नीट दिसलं पाह्यजे!"

मी दोन ग्लास रस प्यायले आणि घरापर्यंत पळतच गेले.

आमचे पप्पा, म्हणजे केबलवाले भारत, ऑफिसात पंख्याखाली बसले होते. एके काळी अख्खं गाव आमच्या वायरीला जोडलेलं होतं. आता सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. म्हणून पप्पांनी ठरवलं होतं, केबलची सगळी मशीन मंठ्याच्या एका माणसाला विकायची आणि त्या पैशात मला डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला ठेवायचं. माणूस सोमवारी येणार होता. मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही बोलले नव्हते. खरं सांगू? बेडकाच्या पोटाची आकृती काढतानासुद्धा मला मळमळतं.

"पप्पा, जो पन्नास रुपये भरील त्याच्याच घरात शर्यत दाखवायची. बाकीच्यांचं चॅनल बंद! तुम्ही बसल्या जागी चालू-बंद करता की न्हाई?"

"मनातले मांडे खाऊन राह्यली का दैवे? हे गाव नवरीची वरात फुकट बघतंय."

"वरात दारासमोरनं जाती, पप्पा. रानात इतकं ऊन, समोर धुरळा. अन् बायामाणसं तर रानात जातच न्हाईत. घरात बसून बघायला कोण न्हाई म्हणंल?"

पप्पा हसले, पण वायरीचं बंडल खांद्यावर टाकून खांबावर चढले. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्या कल्याणदादाचा. माईक माझ्या हातात!

रविवारी सकाळी पहिलं ट्रॅक्टर धूर सोडत मागं सरकलं आणि मी माईकवर जी सुटले, ती सुटलेच. "मागची ट्रॉली डावीकडं चालली, अंगदभाऊ सांभाळा, रेघ तुमच्याकडं बघून राह्यली!" माणसं शिट्ट्या मारायला लागली. तेवढ्यात पप्पांचा फोन आला.

"दैवे, गल्लीत एकच घर! बराबर एका गल्लीत एकानंच पैसे भरले. आपला जनरेटरच्या डिझेलचा खर्चा बी निघत न्हाई. जाऊ दे, बाळा."

माईक शालूच्या हातात कोंबून मी नसरीनच्या गल्लीत पळाले. बघते तर काय! तिच्या अम्मीनं, अकबरबींनी, टीव्ही अंगणात काढला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या आणि समोर आख्खी गल्ली! आजोबा, लेकुरवाळ्या बाया, भिंतीवर पोरं. एक शेजारीण दहाची नोट पुढं करत होती आणि अम्मी तिच्यावर कडाडत होत्या, "मेहमानसे पैसे लेऊं क्या मैं? शरम नहीं आती? बैठ चुप!"

पुढच्या गल्लीत तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. मी कपाळावर हात मारला. दार लावून एकट्यानं शर्यत बघणं म्हणजे आमच्याकडं दार लावून पुरणपोळी खाण्यासारखं! हे मला आधी का सुचलं नाही?

आणि तिथंच, भर गल्लीत, मला हसू फुटलं. अहो, सगळं गाव पुन्हा आमच्या केबलसमोर बसलं होतं! घरं मोजून काय करायचं? माणसं बघा ना!

फाट्यावर पुंजाराम मामांचं हॉटेल रिकामं होतं. मामा माश्या हाणत बसले होते.

"तुझ्या टीव्हीनं माझं गिऱ्हाईक पळवलं, पोरी!"

"मंग त्याच टीव्हीवर तुमचं नाव घेते. चहाच्या किटल्या गल्ल्यांमध्ये पाठवा. खपला तर पैसे द्या, न्हाई तर नका देऊ."

दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये ट्रॉल्या सरळ करायला वेळ जातो. तेव्हा कल्याणदादा सवयीनं पाहुण्यांचे फेटे दाखवत बसायचा. मी रानात परतून माईक घेतला आणि त्या वेळात ओरडले, "डोकं गरगरलं? पुंजाराम मामांचा आल्याचा चहा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी!" किटल्या गेल्या आणि खडखडीत होऊन परत आल्या. ते बघून बियाण्याचा दुकानदार रानात पळत आला. त्याच्यामागं टायरवाला. "माझं बी नाव घे! तातेरावच्या पाळीच्या आधी घे!" दोघं तिथंच भांडायला लागले.

पप्पांचा पुन्हा फोन. "ती वेळ जल्दी देऊ नको दैवे! भाव चढव, आणखी चढव!" आवाज पप्पांचाच होता, पण इतका तरणा मी कधी ऐकला नव्हता.

वेळ टायरवाल्याला गेली. मग तातेराव मामा आले. फेटा, गॉगल, सगळं. पहिली ट्रॉली उजवीकडं, दुसरी डावीकडं आणि सगळं लटांबर थेट कडब्याच्या गंजीत! त्याच क्षणाला कल्याणदादाच्या बोटानं लग्नाचं बटन दाबलं आणि मामांच्या चेहऱ्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या झरझर पडायला लागल्या. वडीगोद्रीतल्या प्रत्येक अंगणातून असा हसण्याचा आवाज उठला, की तो रानापर्यंत आला.

मामा कडबा झटकत माझ्याकडं आले. "नीट दाखव म्हणलो होतो. इतकं नीट न्हाई!" आणि स्वतःच खो खो हसत सुटले.

संध्याकाळी पप्पा जेवता जेवता टायरवाल्याची नक्कल करत होते. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिनं भाकरी वाढत विचारलं, "अहो, पर उद्या तो मंठ्याचा माणूस येतोय ना?"

पप्पांचं हसू ओसरलं.

मी ताटावरून उठले. इतक्या गड्यांसमोर बोलले होते, तर या दोघांसमोर का नाही?

"पप्पा, आई, ऐका. मी लातूरला जाणार न्हाई. अंबडला कॉमर्स घेणार, एसटीनं जाऊन येणार अन् सुट्टीत केबल बघणार. त्या माणसाला आत्ता फोन करा, मशीन विकायची न्हाई म्हणावं. अन् चिडायचं असलं तर जल्दी चिडून घ्या, कारण तातेराव मामांना पुढच्या तीन वर्षांच्या हक्कांचे नारळ मी देऊन आलेय."