तळहात

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या सुष्मितानं आपलं बोट मल्लव्वांच्या कानाजवळून हळूहळू पुढं आणलं.

"माझ्या नाकाकडंच बघा, आक्का. बोट दिसलं की सांगा."

मल्लव्वा बोलल्या नाहीत. बोट गालाच्या रेषेत आलं, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आलं, तरी त्या तशाच शांत. अगदी समोर आलं तेव्हा म्हणाल्या, "हां, आत्ता."

दुसऱ्या बाजूनंही तेच झालं.

बाकावर बसलेला त्यांचा मुलगा संगमेश हसला. "आव्वा उगंच खेळ करतीया. आत्ता खालची बारीक ओळ वाचली न्हवं तिनं, म्याडम? उंबऱ्याला सारखी ठेचकाळती, म्हणून मीच आणली चष्म्याला."

सुष्मितानं मल्लव्वांच्या डोळ्यांत थेंब घालून आतला दाब मोजला. मग पुन्हा एकदा मोजला.

"आक्का, कडेचं दिसत नाही, हे कधीपासून?"

"तीन वर्सं झाली की." मल्लव्वांचा चेहरा उजळला. "पूजेला बसले, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, नजर लावली, तर आधी बोटं गेली. मग तळहात गेला. आता एकटं लिंग ऱ्हायलंय बघ. चाळीस वर्सं नेम मोडला न्हाई, तवा कुठं! स्वामींनी डोक्यावर हात ठेवला. गल्लीतल्या बाया पाया पडत्यात."

सुष्मिताचा हात नकळत पदराखाली गळ्यातल्या स्वतःच्या लिंगावर गेला. तीही रोज पहाटे पूजेला बसत होती. तिचा तळहात कधी विरला नव्हता; त्यावरच्या रेषासुद्धा नजरेतून सुटत नसत.

"हा काचबिंदू आहे, आक्का," ती हळूच म्हणाली. "दाब वाढून आतली नस वाळत चाललीय. गेलं ते परत यायचं नाही. औषधानं उरलंय तेवढं टिकेल."

"आन् औषध न्हाई घातलं तर?"

"मधलंही जाईल."

"लिंगबी?"

"लिंगही."

मल्लव्वांनी उघड्या डाव्या तळव्याकडं पाहिलं. मग मूठ मिटून घेतली.

"कुठल्या डॉक्टरकडं जायचं, सांग."

सुष्मिता चिठ्ठी लिहायला लागली. बाहेर संगमेशची, गडमुडशिंगीला प्रवासी नेणारी वडाप जीप उभी होती. आतून कुणीतरी हॉर्न दाबला.

"ए संगमेश! येतोयस, का आमी चालत जाऊ?"

"आलो, आलो! पाय हायत की, चाला!" तो तिथूनच ओरडला. मग सुष्मिताकडं वळला. "म्याडम, तुमचं कायतरी चुकतंय बघा. तसं आसंल, तर मलाबी काचबिंदू म्हणायचा काय? गेल्या शिवरात्रीपासनं पूजेत माझीबी बोटं दिसंना झाल्यात. घरात पेढे वाटलं आमी."

सुष्मिताचं पेन थांबलं.

"हा आजार रक्तातनं येतो. बसा इथं, तुमचे डोळे आत्ता बघते. आज गाडी चालवायची नाही."

"चौदा माणसं बसल्यात भरून! आन् आवो, समोरचं सगळं दिसतंय की मला. तुमच्या कपाळावरची विभूतीबी दिसतीया." त्यानं किल्ली उचलली. "आव्वा, तू बस हितंच. ह्यास्नी सोडून आलोच."

"संग्या," मल्लव्वा म्हणाल्या, "थांब रं."

तो पायऱ्या उतरलाही होता.

इंजिन सुरू झालं तेव्हा सुष्मिता अनवाणीच बाहेर धावली. जीपच्या दाराजवळ जाऊन तिनं त्याला दोनदा हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती कुणालाच ऐकू गेली नाही. मागच्या फळीवर दप्तरं मांडीवर घेतलेल्या तीन मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या. ती वळसा घालून जीपच्या पुढं गेली आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभी राहिली. बॉनेट थरथरत होतं.

"ओ बाई, येड लागलंय काय? बाजूला व्हा की!" पुढच्या सीटवरचा एक प्रवासी ओरडला.

ती हलली नाही. बाजूला झाली असती, तर संगमेशला दिसली नसती.