आल्याच्या बिअरची बरणी

मित्रांनो, लोणच्याची बरणी तुम्ही पाहिलीच असेल. मी तिच्याच जातीची. वरून तपकिरी, खालून पांढरट, लहान मूल आत बसेल एवढी मोठी. पण माझ्या पोटात लोणचं कधी पडलं नाही. बुडाजवळ मला एक भोक आहे, त्यात तोटी बसते. त्या तोटीतून मी बेळगावच्या लोकांना आल्याची बिअर पाजत आले.

बिअर म्हटल्यावर दचकू नका. आलं, लिंबू, साखर आणि पाणी, एवढंच तिच्यात. चार दिवस माझ्यात मुरली की ती आपोआप फसफसायची, नाकाला झिणझिण्या आणायची, पण कुणाला चढायची नाही.

माझं तरुणपण कॅम्पातल्या लष्करी मेसमध्ये गेलं. जवळच्या येळ्ळूर गावचा मायाप्पा तिथे वाढपी होता. मेसमध्ये बिअरच्या नाना तऱ्हा यायच्या आणि उरलंसुरलं चाखून त्याची जीभ तयार झाली होती. पिवळी, पातळ बिअर त्याला आवडत नसे. काळी, कडवट, जाड फेस धरणारी आवडे. पण सगळ्यांहून त्याला प्रिय होती ती म्हाताऱ्या खानसाम्याने माझ्यात मुरवलेली आल्याची बिअर. खानसाम्याने जाण्याआधी ती कृती त्याला हाताला धरून शिकवली.

१९७२ साली मेसमधलं जुनं सामान विकायला निघालं, तेव्हा मायाप्पाने मला घेतलं. नोकरी सोडून त्याने खडेबाजारात एक चिंचोळं दुकान मांडलं. मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको तानीबाई राहत. आलं किसणं, लिंबं पिळणं, मला उकळत्या पाण्याने धुणं ही कामं तानीबाईची. झाकण उघडून नुसत्या वासावरून ती सांगायची, आज द्यायची की उद्या.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. बाजाराला आलेली माणसं दुकानापुढे ग्लास घेऊन उभी राहत, काही जण बाटलीत भरून घरी नेत. येळ्ळुरात मायाप्पाच्या घरचं पाणीही न घेणारे काही जण खडेबाजारात मात्र दुसरा ग्लास मागून घेत. मायाप्पा त्यांनाही ग्लास काठोकाठ भरून द्यायचा.

तानीबाईचा धाकटा भाऊ कल्लाप्पा बेंगळूरला बिअरच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या यंत्रावर होता. सुट्टीवर आला की दाजी-मेव्हण्यांचा वाद ठरलेला. कल्लाप्पा म्हणायचा, कंपनीची बिअर बेंगळुरात प्या नाहीतर निपाणीत, चव तीच. दाजींची मात्र सोमवारी गोड आणि गुरुवारी आंबट. मायाप्पा म्हणायचा, माणूस तरी रोज सारखा कुठं असतो? तुमची ती बर्फासारखी थंड केल्याशिवाय घशाखाली उतरत न्हाय, कारण कोमट झाली की तिच्यात काय न्हाय ते कळतं. तानीबाई दोघांना जेवायला वाढायची आणि हसायची.

एकदा कल्लाप्पा सहज बोलून गेला की दाजींच्या बिअरला फेस कमी, बाटली उघडल्यावर आवाजच येत नाही. ते बोलणं मायाप्पाच्या मनात कुठेतरी रुतून राहिलं.

१९७८च्या उन्हाळ्यात येळ्ळूरहून मारुतीराव आले. गावातले मोठे शेतकरी. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला त्यांनी शंभर बाटल्या सांगितल्या. ते गेल्यावर मायाप्पा बराच वेळ माझ्यावर हात ठेवून उभा होता. ज्या घराच्या सोप्यावर त्याचा बाप कधी चढला नव्हता, त्या घरच्या मांडवात त्याच्या हातची बिअर जाणार होती.

तिथेच त्याने घाई केली. बाटली उघडताच आवाज झाला पाहिजे, फेस वर आला पाहिजे, म्हणून त्याने साखर वाढवली. चार दिवस मुरवायच्या ऐवजी दोनच दिवसांत त्याने तोटी सोडली, जुन्या बाटल्या भरल्या, बुचं ठोकून वर सुतळी आवळली. तानीबाईने वास घेऊन सांगितलं, अजून हिचं काम चाललंय, दोन दिवस थांबा. तो थांबला नाही. बाटल्या मागच्या खोलीत पत्र्याखाली रांगेने उभ्या राहिल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पहिली बाटली फुटली. मला वाटलं, पत्र्यावर दगड पडला. तानीबाई आत धावली, उरलेल्यांवर ओलं पोतं टाकावं म्हणून. तेवढ्यात शेजारच्या तीन-चार एकदम फुटल्या.

सरकारी दवाखान्यात तिच्या उजव्या डोळ्यातून काच काढली. डोळा राहिला, पण त्यातली नजर गेली.

मायाप्पा स्वतः येळ्ळूरला जाऊन मारुतीरावांना काय झालं ते सांगून आला. परत आल्यावर उरलेल्या बाटल्या त्याने एकेक करून जपून उघडल्या आणि गटारात ओतल्या. मग मला रिकामी करून मागच्या अंगणात पालथी घातली. दुकान बंद झालं. तो पिरनवाडीला एका लाकडाच्या वखारीत राखणीला जाऊ लागला.

मित्रांनो, चार वर्षं मी पालथी पडून होते. माझ्या पाठीवर कोंबड्या बसत. तोटीच्या भोकात मुंग्यांनी घर केलं. पण मला माझं एवढं वाईट वाटत नसे. घरात मायाप्पा तानीबाईच्या उजव्या बाजूला कधी बसत नसे, त्याचं वाटायचं. तिच्याशी तो कामापुरतं बोलायचा. तिने त्याला एकदाही दोष दिला नाही, आणि त्यानेही त्या दुपारचं नाव एकदाही काढलं नाही.

१९८२ साली कल्लाप्पा महिनाभराच्या रजेवर आला. फेसाबद्दलचं आपलं बोलणं तोही विसरला नव्हता. तानीबाईने त्याला अंगणात आणून माझ्याकडे बोट दाखवलं आणि हिला सरळ कर म्हणाली. कल्लाप्पा चाचरला. दाजींना आवडायचं नाही, म्हणाला.

"डोळा माझा गेलाय, चव न्हाय गेली," ती म्हणाली. "तुमच्या कंपनीत बाटल्या फुटत न्हाईत. का फुटत न्हाईत ते मला शिकीव."

मग कल्लाप्पाने तिला शिकवलं. साखर अंदाजाने नाही, मापाने घालायची. कोणत्या दिवशी काय घातलं ते भिंतीवर कोळशाने लिहायचं. उन्हाळ्यात लवकर मुरते, थंडीत उशिरा, हे विसरायचं नाही. झाकणाऐवजी तोंडाला फडकं बांधायचं, म्हणजे आतली हवा आपोआप बाहेर जाते. आणि बाटली भरायचीच नाही. तोटीतून ग्लास, आणि ग्लास तिथेच प्यायचा. कल्लाप्पाने मला तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं, नवी लाकडी तोटी बसवली. तानीबाई आलं किसायला बसली, तेव्हा तिचा हात पूर्वीसारखाच भराभर चालला.

हे सगळं मायाप्पा दारातून बघत होता. मदतीला आला नाही, नकोही म्हणाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी तानीबाईने वास घेतला, तोटी सोडली आणि पहिला ग्लास त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही.

"तू मला थांब म्हणालीवतीस," तो म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"व्हय, म्हणालीवते," ती म्हणाली. "आता प्या म्हणतेय. आता तरी ऐका."

मायाप्पाने ग्लास घेतला. एक घोट घेतला, तोंडात घोळवला. डोळे पुसले. मग म्हणाला, "आलं कमी पडलंय."

दुसऱ्या दिवशी तो वखारीत गेला नाही. आलं आणायला बाजारात गेला.

दुकान पुन्हा उघडलं. समोरच्या दुकानात आता रंगीत बाटल्यांचे क्रेट लागले होते, आणि बरीच गिऱ्हाइकं तिकडेच जात. आमच्याकडे पूर्वीइतकी गर्दी झाली नाही, पण आलेली माणसं टिकली. कल्लाप्पा रजा संपवून निघाला, तेव्हा एकाने त्याला खोदून विचारलं, खरं सांग, तुला कुठली आवडते? तो म्हणाला, कामावरून दमून आलो की आमच्या कंपनीचीच बरी, थंड आणि कालच्यासारखीच. पण कुणाशी बोलत बसायचं असलं, तर आक्काची. मायाप्पाने हे ऐकलं आणि या वेळी वाद घातला नाही.

आता मी थकले आहे. तळाशी केसाएवढी चीर गेली आहे, कधी कधी पाझरते. तरी मी रिकामी झाले की तानीबाई मला धुते, हात फिरवून चीर वाढली का ते बोटांनी बघते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीबाही पालथं पडलं असेल. ते टाकून देण्याआधी एकदा धुऊन बघा. हाताने काही कराल तेव्हा घाई करू नका, आणि कुणी थांब म्हटलं तर थांबा. आणि बाटलीत असो की माणसात, आत काही फसफसत असेल तर त्यावर बूच ठोकून सुतळी आवळू नका. त्याला बाहेर पडायला थोडी वाट ठेवा.